सामानाचा रकाना

सोसायटीची पॉलिसी आहे, गृहकर्ज घेताना बँकेनंही एक करून घेतली आहे, म्हणजे आपल्या फ्लॅटची काळजी मिटली, असं मी वर्षानुवर्षं धरून चाललो होतो. दोन्हींचे कागद कधी उघडून पाहिले नव्हते. सोसायटीची पॉलिसी इमारत, लिफ्ट आणि पंपाची होती. बँकेची भिंती-छताची. कपाटं, फ्रिज, गाद्या, पुस्तकं कशातच नव्हती.

एजंटानं हे लक्षात आणून दिल्यावर सामानाचा विमा घेतला खरा. पण फॉर्ममधल्या 'सामानाची एकूण किंमत' या रकान्यापाशी अडलो. ही म्हणाली, "एकेका खोलीत जाऊन लिहून काढू या ना." मला कंटाळा आला होता, शिवाय हप्ता कमी बसावा असंही वाटत होतं. दोन लाख लिहिले आणि सही ठोकली.

25 सप्टेंबर 2019 च्या रात्री पुण्यात आंबिल ओढा फुटून वाहिला. आमच्या तळमजल्यावर कंबरभर पाणी शिरलं. आम्ही वरच्या मजल्यावर गेलो म्हणून वाचलो. त्या रात्री शहरात कितीतरी माणसं दगावली.

चिखल निघाल्यावर सर्व्हेअर आले. त्यांनी बिलं मागितली. बिलांची फाईल कपाटाच्या खालच्या खणात होती. हातात आला तो नुसता लगदा. मग त्यांनी घरभर फिरून सगळ्या सामानाची किंमत काढली. ती सहा लाख भरली. नुकसान दोन लाख चाळीस हजारांचं. माझ्या हिशेबानं निदान दोन लाख तरी मिळायला हवे होते. पण पॉलिसीत अ‍ॅव्हरेज क्लॉज होता. विमा एक तृतीयांश किमतीचा, म्हणून भरपाईही नुकसानीच्या एक तृतीयांश: ऐंशी हजार. हिच्या वडिलांनी दिलेलं शिसवी कपाट फुगून उकललं होतं. ते दुरुस्त करण्याइतके पैसे तेव्हा उरले नाहीत, भंगारात द्यावं लागलं. हिनं मला शब्दानंही दुखावलं नाही, म्हणून ते जास्त लागलं.

एप्रिल 2021 पासून 'भारत गृह रक्षा' ही घरविम्याची पॉलिसी आली. तिच्यात कमी रकमेच्या विम्यावरून अशी कपात होत नाही. घराच्या विमा रकमेच्या 20 टक्के, कमाल दहा लाखांपर्यंतचं सामान यादी न देताही धरलं जातं. घराची रक्कम बाजारभावावर नव्हे, बांधकामाच्या खर्चावर ठरते. आम्ही तीच घेतली, तरी यादी केली. दागिन्यांचं संरक्षण वेगळं मागून घ्यावं लागलं आणि घरफोडीसाठी निराळी पॉलिसी काढावी लागली. हप्ता वाढला, तो भरला.