दहावीची सवलत संपल्यावर

आठवीत माझी चाचणी झाली. सरकारी रुग्णालयात बऱ्याच फेऱ्या झाल्या. आधी डोळे-कान, मग बुद्ध्यांक, मग लेखन-वाचन आणि गणित. बुद्ध्यांक चांगला निघाला. प्रमाणपत्रावर डिस्ग्राफिया (लिहिण्यातली अडचण) आणि डिस्कॅल्क्युलिया (गणितातली अडचण) असं आलं. दहावीला जादा वेळ आणि कॅल्क्युलेटर मिळाला. पास झालो. घरच्यांना वाटलं, प्रश्न मिटला.

पुढे भिवंडीत एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात लागलो. अक्षराची अडचण आली नाही, सगळं कॉम्प्युटरवर. पण एक गाडी काढायची म्हणजे पार्टीला फोन, बिल्टी, ई-वे बिल, ड्रायव्हरला डिझेलचे पैसे. यातलं प्रत्येक काम मला येत होतं. आधी कुठलं आणि कशाला किती वेळ लागेल, हे मात्र डोक्यात उभंच राहत नसे. एकदा नागपूरची गाडी भरून तयार, आणि ई-वे बिलात गाडीचा नंबरच नाही. शेठ म्हणाले, "लक्ष कुठे असतं तुझं?" लक्ष तिथेच होतं. ते त्यांना कसं पटवायचं?

डायरी करून पाहिली. पण डायरी उघडायची आठवण कोण करणार? मोबाईलमधल्या ॲपचंही तेच झालं.

शेवटी ऑफिसातल्या जुन्या काकांना प्रमाणपत्राचं सांगितलं. सांगताना लाज वाटली. ते म्हणाले, "मग तोंडी कशाला सांगतोय मी? फळ्यावर लिहितो." आता भिंतीवरच्या फळ्यावर प्रत्येक गाडीची ओळ असते, कामं क्रमाने असतात, झालं की खूण करायची. समोरच असल्यामुळे ते दिसतंच. मोबाईलच्या गजरांना मी नावं दिली: 'पार्टीला फोन लाव', 'गाडी नंबर टाक'. आणि घड्याळ लावून कामं मोजली. बिल्टी पाच मिनिटांची समजायचो, पंधरा लागत होती. ते आकडेही फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलेत.

दोघांनी एकदम काम सांगितलं की अजूनही गोंधळतो. महिनाअखेर तर वाईटच जाते.

2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात अशी अध्ययन अक्षमताही धरली आहे. तेव्हा प्रमाणपत्र बोर्डाच्या परीक्षेपुरतं समजून कपाटात टाकू नका. मूल शाळेत असेल तर समुपदेशकांना आत्ताच विचारा: परीक्षेचं ठीक आहे, पण रोजची कामं ओळीने लावायला याला कोण शिकवणार?