रहिमतपूरच्या माळावरील कातरवेळ

पुणे-मिरज लोहमार्गावर कोरेगाव मागे पडले, की रहिमतपूर येते. कमंडलू नदीकाठच्या या जुन्या गावाची ओळख सांगताना आदिलशाही सरदार रणदुल्लाखान याची कबर व मशीद यांचा, तसेच हत्तीच्या मोटेने पाणी चढविले जाई असे सांगितल्या जाणाऱ्या उंच जलमनोऱ्याचा उल्लेख होतोच. नाटककार वसंत कानेटकर यांचेही हे जन्मगाव. येणारा पाहुणा बहुधा एवढे पाहून परततो. परंतु गावाच्या पूर्वेस वर्धनगड-मच्छिंद्रगडाची डोंगररांग जेथे पसरू लागते, तेथील उघड्या माळाची खरी वेळ सूर्यास्तानंतर सुरू होते.

चौविहार पाळणाऱ्या घरांतील जेवणे त्या सुमारास आटोपलेली असतात. उसाचे हिरवे पट्टे काळवंडतात, बांधावरच्या जुन्या झाडाच्या ढोलीतून पिंगळ्यांची जोडी बाहेर येऊन फांदीवर बसते, आणि थोड्याच वेळाने जमिनीलगत कोठूनतरी रातव्याचा आवाज सुरू होतो. चेंडू फरशीवर टप्पे खात खात थांबावा, तसा तो असतो. पक्षी मात्र दिसत नाही. वाळलेले गवत, माती आणि पालापाचोळा यांचे सारे रंग त्याने अंगावर घेतलेले असतात.

या पक्ष्यांचे छायाचित्र घेणे एके काळी जवळजवळ अशक्य होते. फिल्मच्या जमान्यात ४०० आयएसओची फिल्म वेगवान समजली जाई. १६०० पर्यंत ओढली तर चित्रावर वाळू शिंपडल्यासारखे कण दिसत. म्हणून फ्लॅश वापरला जाई. २००७ साली निकॉनचा डी-३ हा कॅमेरा आला. त्याची नेहमीची मर्यादाच ६४०० आयएसओ होती, आणि अंधारातील छायाचित्रणाचे गणित बदलले.

ते गणित पेढीवरच्या माणसाला चटकन उमगेल असे आहे. संधिप्रकाशात ४०० आयएसओ व एफ ५.६ छिद्रावर सेकंदाचा आठवा भाग इतका वेळ पडदा उघडा ठेवावा लागत असेल, तर पिंगळ्याने मान वळविताच चित्र फसते. आयएसओ ६४०० केला, म्हणजे सोळा पट, तर हाच वेळ सुमारे १/१२५ सेकंदावर येतो. भिंग एफ २.८ चे असेल तर आणखी चौपट प्रकाश मिळून १/५०० पर्यंत जाता येते; मात्र अशा लांब पल्ल्याच्या भिंगाची किंमत काही लाखांत असते. आयएसओ वाढविल्याने प्रकाश वाढत नाही. आलेल्या तुटपुंज्या प्रकाशाचा संकेत मोठा केला जातो. ही उसनवारी आहे, आणि चित्रातले कण हे तिचे व्याज. ते मर्यादेत असेल तर खुशाल द्यावे. कणीदार पण स्पष्ट चित्र पुढे संगणकावर सुधारता येते. हललेले चित्र कोणत्याही उपायाने सुधारत नाही. रॉ स्वरूपात चित्रे साठविली, तर ही सुधारणा अधिक चांगली साधते.

दुसरी अडचण स्वयंचलित फोकसची. कॅमेरा फोकस साधतो तो उजळ व गडद भागांतील फरक हेरून. अंधारात हा फरक विरतो, आणि भिंग पुढे-मागे घरघरत राहते. अशा वेळी सर्व बिंदू चालू ठेवण्यापेक्षा मधला एकच बिंदू निवडावा, आणि तो पक्ष्याच्या छातीवर न धरता चेहऱ्याची कडा किंवा डोळा जेथे ठळक दिसतो तेथे धरावा. भिंगावर अंतराची मर्यादा घालणारे बटण असेल, तर जवळचे अंतर वगळावे. नव्या कॅमेऱ्यांतील डोळा ओळखणारी यंत्रणा मदत करते. पण रातव्याच्या बाबतीत तीही पुष्कळदा दगडालाच पक्षी समजते. यात तिचा दोष नाही. माणसाचेही तेच होते.

फोकससाठी कॅमेऱ्यातून आपोआप पडणारा लहानसा दिवा मात्र आधी बंद करावा. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांवर तो पडतो, फ्लॅश तर त्याहून कितीतरी तीव्र. दिपलेला पिंगळा उडालाच, तर तो कोठे आदळेल याचा नेम नाही.

याहून गंभीर गोष्ट पायांखाली आहे. रातवा घरटे बांधत नाही. उन्हाळ्यात तो उघड्या जमिनीवरच अंडी घालतो, आणि ती मातीसारखीच दिसतात. चांगल्या कोनासाठी अंधारात चार पावले पुढे सरकणाऱ्याला आपण काय तुडविले, हे कळतही नाही. साधूंच्या आचारात ईर्यासमितीला इतके मोठे स्थान का, हे या माळावर निराळ्या रीतीने ध्यानात येते. कायदाही येथे कठोर आहे: १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमातील शिकारीच्या व्याख्येत पक्ष्यांच्या अंड्यांना वा घरट्यांना उपद्रव देणेही येते. बंदूक न उचलताही माणूस शिकारी ठरू शकतो.

म्हणून गाडीवाटेवरूनच, वाहनात बसून चित्र घ्यावे. रातवा अनेकदा स्वतःच धुळीच्या वाटेवर येऊन बसतो. विणीच्या महिन्यांत माळावर उतरूच नये. मायणी वा येरळवाडीच्या पाण्यावर हिवाळ्यात रोहित पाहणाऱ्यांना ही चिंता एवढी नसते. तेथे ऊन भरपूर आणि अंतर मोठे.

सवड असल्यास दुसऱ्या दिवशी सकाळी सातारारोडजवळच्या कल्याणगडावर जावे. गडाच्या पोटातील पाण्याच्या गुहेत दत्तात्रेयांसमवेत भगवान पार्श्वनाथांची मूर्ती आहे. भर दिवसाही तेथे काळोख असतो, आणि थंडगार पाण्यातून चाचपडत पुढे जावे लागते. जळत्या लाकडातील नागयुगुलावर करुणा करणाऱ्या तीर्थंकरांची ही मूर्ती डोळे अंधाराला सरावल्यावर हळूहळू दिसू लागते. तोपर्यंत विजेरी बंद ठेवून थोडा वेळ उभे राहावे लागते, इतकेच.