दिंडोरी रस्त्यावरचे घर

माझा पुतण्या नाशिकला रविवार कारंजाजवळ एका कापड दुकानात भागीदार आहे. भाड्याच्या 2 खोल्यांत आई, पत्नी आणि 2 मुले. शहरात घर परवडेना, म्हणून त्याची दृष्टी दिंडोरीकडे वळली. "काका, आयुष्यभर कर्जाची कागदपत्रे पाहिलीत, एकदा चला," असे तो म्हणाला. माघात आम्ही निघालो. वहिनीही सोबत होत्या.

पंचवटी सोडली की म्हसरूळ येते, आणि गजपंथाचा डोंगर समोर उभा राहतो. सात बलभद्रांची ही सिद्धभूमी. लोक तिला चांभार लेणी म्हणूनही ओळखतात. पायथ्याशी दर्शन घेऊन पुढे गेलो. नव्या इमारती आता डोंगराच्या पायाशी येऊन ठेपल्या आहेत. त्यापलीकडे द्राक्षबागा, घडांना बांधलेले वर्तमानपत्रांचे कागद. वाघाड, करंजवण, पालखेड, ओझरखेड अशी धरणे याच तालुक्यात. तरी नळाला पाणी किती वेळ येते, हे मी विक्रेत्याला न विचारता शेजारच्या गृहिणीला विचारतो. ही माझी जुनी सवय.

प्लॉट दिंडोरीच्या अलीकडे होता. भाव आश्चर्य वाटावे इतका कमी. सातबारा हाती घेतला, तेव्हा जमीन अद्याप शेतीचीच असल्याचे दिसले आणि इतर अधिकारांत 'कलम 36 अ'ची नोंद आढळली. जमीन आदिवासी खातेदाराची. जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय ती बिगर-आदिवासीकडे जाऊ शकत नाही. शिवाय आपल्या व्यापारी घरांत पुष्कळांच्या नावे शेती नसते, आणि कूळकायद्याचे कलम 63 तेथेही आडवे येतेच. मध्यस्थ हसून म्हणाला, "साठेखत करून टाकू, सगळे असेच घेतात." साठेखताने मालकी मिळत नाही, आणि अशा कागदावर कोणतीही बँक कर्ज देणार नाही.

बांधावर मूळ मालक बसले होते. वयाने माझ्याएवढेच. नातवाच्या शिक्षणाला पैसा हवा आहे, म्हणाले. कायदा त्यांच्याच रक्षणासाठी आहे हे मला ठाऊक होते. पण त्या क्षणी त्यांना ते कसे सांगावे, हे सुचले नाही.

परतताना पुतण्या म्हणाला, "काका, मी 51 हजार इसार देऊन बसलो आहे." पावती साध्या कागदावर. मी रागावलो नाही. रागावण्याची वेळ इसार देण्याआधीची होती.

नंतर दिंडोरी गावात एक रो-हाऊसही पाहिले. कागद चोख होते. वहिनींनी मात्र एकच प्रश्न विचारला, "दुकान आठला बंद होणार, हा घरी नऊला येणार. माझा चौविहार, मुले झोपलेली. मग याला वाढायचे कोणी?" सून जवळच होती, तीही काही बोलली नाही.

इसारापैकी 31 हजार परत आले; उरलेल्यासाठी फोन केला की मध्यस्थ उचलत नाही. म्हसरूळला 2 खोल्यांचा एक जुना फ्लॅट पाहून ठेवला आहे. त्याच्या सोसायटीचे मागील 3 वर्षांचे हिशेब मी मागितले आहेत. वहिनींनी तेवढ्यात स्वयंपाकघराची खिडकी उघडून गजपंथ दिसतो का, ते पाहून घेतले. दिसतो.