आयत्या वेळचे विषय

कोणत्याही सभेची विषयपत्रिका घ्या. तिच्यात सगळ्यात शेवटी एक विषय हटकून असतो : ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणाऱ्या विषयांवर विचार करणे.’ आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत मागील इतिवृत्त, ताळेबंद, हिशेबतपासनीसाची नेमणूक वगैरे पहिले सात विषय अकरा मिनिटांत एकमताने मंजूर होतात. त्या वेळी निम्मे सभासद वेफर्स कुठपर्यंत आले ते पाहत असतात. मग सेक्रेटरी घसा खाकरून ‘आयत्या वेळचे विषय’ म्हणतो आणि माणसं सरसावून बसतात. पुढे पावणेतीन तास सभा रंगते. तिसऱ्या मजल्यावरच्या कुंड्यांपासून निघालेला विषय पानिपतापर्यंत जातो. इतिवृत्तात मात्र एकच ओळ येते : ‘इतर विषयांवर चर्चा झाली.’

माझं सगळं आयुष्य विषयाला धरून गेलं. बी.कॉम.ला असताना मी एका उत्तरात जरा पाल्हाळ लावला, तर सरांनी समासात लाल शाईने ‘अवांतर’ एवढाच शेरा मारला आणि दहापैकी दोन गुण दिले. पुढे बँकेत कारकून झालो. बँकेत अवांतराला कोठेच रकाना नाही. खातेदार खिडकीशी येतो, ‘केवायसी’ म्हणतो, मी ‘झेरॉक्स’ म्हणतो, संवाद संपतो. घरी यावं तर तिथेही विषयपत्रिका तयारच : गॅस, क्लासची फी, नळाचा वायसर. एकदा जेवताना मी सहज म्हणालो, “काय गं, धृतराष्ट्राला संजय जे सांगत होता ते खरंच आहे की नाही, हे त्याने पडताळून कसं पाहिलं असेल?” ही म्हणाली, “भात वाढू की नको ते सांगा.”

पण देव दयाळू असतो. त्याने एक दार बंद केलं तरी डोंबिवलीकराला लोकलचं दार उघडून ठेवलेलं असतं. निदान लोंबकळण्यापुरतं.

आमची आठ-सतराची फास्ट. ती आठ-सतराला येते असा कोणाचा गैरसमज होऊ नये. ‘आठ-सतरा’ हे तिचं नाव आहे, वेळ नव्हे. शांता नावाची बाई शांत असलीच पाहिजे असं नाही, तसंच हे. गाडी कल्याणहून सुटते. कल्याणकर मंडळी बसून येतात, आम्ही डोंबिवलीकर त्यांच्या गुडघ्यांसमोर उभे राहतो. ठाणे आलं की कल्याणकर उठतात आणि आम्ही बसतो. हा करार कुठे लिहिलेला नाही, त्याला स्टँप नाही, साक्षीदार नाहीत. तरी बँकेत वीस वर्षं करारनामे पाहून मी सांगतो, इतका काटेकोर पाळला जाणारा दुसरा करार माझ्या पाहण्यात नाही. ठाणेकरांना या करारात स्थान नाही. त्यांना वाटतं, 16 एप्रिल 1853 ला देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून आपल्याकडे आली, तेव्हा गाडीवर पहिला हक्क आपला. कल्याणकर लगेच 1 मे 1854 काढतात, कारण त्या दिवशी गाडी त्यांच्यापर्यंत पोचली. आमचे एक सभासद हिशेब घालतात, की त्या पहिल्या गाडीला 14 डबे होते आणि सुमारे 400 पाहुणे; म्हणजे डब्याला अठ्ठावीस-एकोणतीस. एवढी माणसं आता आमच्या नुसत्या दारात असतात.

तर हा आमचा ग्रूप. प्रत्येक डब्यात असे चार-दोन असतातच. आमच्या डाव्या हाताला टाळ-मृदंगवाले भजनी मंडळ आहे. उजवीकडे ब्रीफकेस आडवी टाकून मेंढीकोट खेळणारे. बायकांच्या डब्यात शेंगा सोलून होतात, हळदीकुंकू होतं, डोहाळजेवणंसुद्धा होतात. आमचा ग्रूप मात्र काहीच करत नाही. आम्ही फक्त आयत्या वेळचे विषय घेतो.

ग्रूपचा एकच नियम. ऑफिसचं बोलायचं नाही आणि घरचं बोलायचं नाही. उरलेलं विश्व चर्चेला मोकळं. कांदाभज्यांत ओवा घालावा की बडीशेप, हा वाद आमच्याकडे अकरा वर्षं चालू आहे आणि दोन्ही पक्षांचे पहिले पुढारी निवृत्त होऊन आता दुसरी पिढी तो चालवते. कर्णाने कवचकुंडलं देण्याऐवजी मुदत मागून घ्यायला हवी होती की काय, यावर एकदा कोपरपासून भायखळ्यापर्यंत चर्चा झाली. 2017 च्या फेब्रुवारीत 90 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन खुद्द डोंबिवलीत भरलं, तेव्हा आठवडाभर आम्ही साहित्यावर बोललो, म्हणजे मंडपाबाहेरच्या वडापावाच्या दर्जावर आणि पार्किंगवर. ग्रंथदिंडीच्या गर्दीत कोणाची चप्पल हरवली ते अजून निघतं.

वाद फार तापला तर पूर्वी एक सोय होती. पारसिकचा बोगदा! 1916 साली सुरू झालेला, सव्वा किलोमीटरहून थोडा लांबच. गाडी आत शिरली की असा काही आवाज कोंडायचा, की शेजारच्या माणसाने शिवी दिली की शुभेच्छा, हेही कळत नसे. त्या दीड-दोन मिनिटांत दोन्ही पक्ष आपोआप गप्प बसत, आणि बाहेर ठाण्याचा उजेड दिसेपर्यंत मुद्दा विसरलेले असत. सभापतीची घंटा यापेक्षा निराळं काय करते? पण 2022 च्या फेब्रुवारीत ठाणे-दिव्याच्या मधल्या पाचव्या-सहाव्या मार्गिका सुरू झाल्या, बोगदा लांब पल्ल्याच्या गाड्यांना गेला आणि आमची फास्ट मुंब्रा-कळव्याकडून जाऊ लागली. तेव्हापासून वाद मिटत नाहीत. रेल्वेने मार्गिका टाकताना या बाजूचा विचार केला होता की नाही, कोण जाणे.

आमच्याकडे नावं नाहीत. म्हणजे आईवडिलांनी ठेवलेली असतील, पण ती ग्रूपमध्ये चालत नाहीत. ‘मंत्रालय’ आहेत, ‘भायखळा’ आहेत, ‘खिडकी’ आहेत. एक ‘तात्पुरते’ आहेत. ते 2009 साली “बदली झालीय, तात्पुरता या गाडीला आहे” असं म्हणाले होते. मला ‘व्याजदर’ म्हणतात. पहिल्याच दिवशी मी न विचारता मुदत ठेवीचा व्याजदर सांगितला होता, त्याची ही शिक्षा.

आणि कंगवाकाका. लोकलचा पंखा बटण दाबून सुरू होत नाही हे मुंबईबाहेरच्या वाचकांना सांगितलं पाहिजे. बटण दाबल्यावर तो नुसता गुरगुरतो. मग कोणीतरी जाळीतून कंगवा घालून पात्याला ढकलायचं, की फिरतो. काकांच्या डोक्यावर औषधालाही केस नव्हता. तरी वरच्या खिशात कंगवा कायम. खास पंख्यासाठी ठेवलेला. डोंबिवलीला चढले, की हात वर करून आधी पंखा सुरू करणार, मग विषय. दसऱ्याच्या आदल्या कामाच्या दिवशी डब्याला तोरण बांधून पूजा होते, त्या दिवशी ते कंगव्यालाही हळदकुंकू वाहायचे.

लोकल काय आहे हे मला 2020 च्या मार्चमध्ये कळलं. गाड्या बंद झाल्या. बँक अत्यावश्यक, त्यामुळे मी एस.टी.ने जायचो. एका बाकावर एक माणूस, तोंडाला मास्क, शिळफाट्याला दीड तास कोंडी. त्या कोंडीत मी पुढच्या बाकावरच्या गृहस्थांना विचारलं, “पूर्वीच्या काळी उंटांची अशी कोंडी होत असेल का हो?” त्यांनी मला ताप आहे का, अशा नजरेने पाहिलं आणि एक बाक पुढे सरकले. पुढे 15 जून 2020 ला अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी लोकल सुरू झाली आणि यथावकाश एके दिवशी मी रिकाम्या डब्यात आपल्या जागेशी जाऊन उभा राहिलो. बसायला जागा होती, तरी ठाण्यापर्यंत उभाच! पुढे सर्वांसाठी गाड्या खुल्या झाल्या, तेव्हा कंगवाकाका चढले, पंखा लावला आणि म्हणाले, “हां, तर बडीशेपेचं काय ठरलं?”

आता मुद्द्याचं. (सर, हे अवांतर नाही.)

9 जून 2025 ला सकाळी मुंब्र्याच्या वळणावर दोन गाड्यांच्या दारांत लटकलेली माणसं एकमेकांना घासून खाली पडली आणि त्यांतली काही गेली. दुसऱ्या दिवशी आमच्या डब्यात त्या वळणावर कोणी बोललं नाही. उरलेलं विश्व मोकळं आहे असं मी मघाशी म्हणालो. त्यात एवढा एक अपवाद. वळण आलं की दारातले लोक आपसूक आत सरकायचे आणि आतले लोक, जागा नसताना, त्यांना जागा द्यायचे.

त्यानंतर जुलै उजाडला आणि कंगवाकाका गाडीला दिसेनात. पहिले दोन दिवस कोणी मनावर घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी पंखा गुरगुरत राहिला तेव्हा सगळ्यांनी वर पाहिलं. चौथ्या दिवशी ‘मंत्रालय’ म्हणाले, “अरे, फोन तरी करा कोणीतरी.” आणि मग जे उघडकीला आलं त्याने आम्ही सगळेच ओशाळलो. फोन करायचा कोणाला? काकांकडे साधा बटणांचा फोन, त्याचा नंबर कोणाकडे नाही. आडनाव काय? ‘खिडकी’ म्हणाले, देशपांडे असावेत. का, तर पुरणपोळीबरोबर कटाच्या आमटीचा आग्रह धरतात. राहतात कुठे? पूर्वेला की पश्चिमेला? “आमच्या गल्लीत वीज गेली की आधी शेजारी गेली का ते पाहतात,” एवढंच ते एकदा म्हणाले होते. यावरून डोंबिवलीत गल्ली शोधणं अशक्य. ऑफिस? तिघांनी तीन सांगितली. वीस वर्षं त्यांच्या कोपरासमोर माझं कोपर. कर्णाविषयी त्यांचं मत मला ठाऊक, साबुदाण्याच्या खिचडीत मिरची की तिखट ते ठाऊक, सिंधू संस्कृतीची लिपी म्हणजे वाण्याची उधारीची वही आहे हा त्यांचा सिद्धान्त ठाऊक. पण बरं-वाईट काही झालं, तर कोणत्या दारावर जाऊन उभं राहायचं, ते ठाऊक नाही. नवं खातं उघडायला येणाऱ्याकडून मी दोन फोटो, पत्ता आणि वारसाचं नाव घेतो. इथे कधी काही विचारलंच नव्हतं.

सातव्या दिवशी विषय निघेनात. भज्यांवरसुद्धा कोणी बोलेना. मेंढीकोटवाल्यांनी मान वळवून विचारलं, “काय, आज शांतता?” भजनी मंडळाने आमच्याकडे पाहून आवाज जरा खाली आणला.

बाराव्या दिवशी डोंबिवलीला गाडी थांबली, गर्दी आत आली, आणि गर्दीतून आधी एक कंगवा वर आला. पंखा फिरला. त्याखाली काका. आम्ही सगळे एकदम ओरडलो. “अहो, होतात कुठे?”

“घरी. रिटायर झालो ना तीस तारखेला.”

“आणि सांगितलं नाहीत?”

काका मनापासून चकित झाले. म्हणाले, “विषयच निघाला नाही!”

नियम म्हणजे नियम. ऑफिसचं बोलायचं नाही. बिचारे तीस जूनलाही आमच्याबरोबर कर्णावर भांडत गेले आणि संध्याकाळी हार-नारळ घेऊन दुसऱ्या गाडीने परत आले. मग आज कुठे निघाले? तर कुठेच नाही. दादरपर्यंत जायचं, पूल ओलांडायचा, परत यायचं. “घरी सगळे विषयाला धरून बोलतात हो,” ते म्हणाले. “सून विचारते, चहा हवा की नको. मुलगा विचारतो, पैसे कुठे गुंतवणार. मंगळवारी मी सहज विचारलं, की मारुतीने लंका जाळली तर विम्याचे पैसे बिभीषणाला मिळाले असतील का, तर दोघांनी मला डॉक्टरकडे नेलं.” साखर तपासली होती. निघाली नाही.

त्याच दिवशी आम्ही ठराव केला, की प्रत्येकाने खरं नाव, पत्ता, ऑफिस आणि फोन लिहून द्यायचा. यादी तयार झाली, वाटली गेली, आणि आठवडाभरात ग्रूप मोडायची वेळ आली. ‘भायखळा’ विमा विकतात हे कळलं, कारण त्यांनी तो विकायला सुरुवात केली. ‘मंत्रालय’ मंत्रालयात नव्हतेच, पण त्यांच्या शेजारच्या इमारतीतून कोणाची तरी फाइल हलवता येते असं निघालं. दोघे एकाच तालुक्यातले निघाले आणि त्यांचा जमिनीचा जुना वाद निघाला. मला रोज ठाण्यापर्यंत तिघे जण केवायसीबद्दल विचारत. कर्ण, सिंधू लिपी, बडीशेप, सगळं मागे पडलं. शेवटी ‘तात्पुरते’ यांनी उठून ठराव मांडला, की माहिती तात्पुरती होती असं समजून सर्वांनी आपापल्या प्रती फाडून टाकाव्यात. एकमताने मंजूर. आता मी पुन्हा ‘व्याजदर’ आहे.

एक प्रत मात्र ठेवली आहे. ती कोणाकडे असावी यावर बरीच चर्चा झाली आणि बँकेतला माणूस म्हणून माझ्याकडे आली. पासाच्या प्लॅस्टिकच्या पाकिटात, पासामागे, चौघडी घालून आहे. त्यावर नावं नाहीत. टोपणनाव आणि घरचा नंबर, एवढंच. ती उघडायची वेळ आयत्या वेळी कधी येऊ नये, एवढी आमची अध्यक्षांना विनंती आहे. अध्यक्ष म्हणजे वर पंख्याच्याही वर जो कोणी बसला असेल तो.

काका आता मंगळवारी आणि शुक्रवारी येतात. उरलेल्या दिवसांसाठी कंगवा त्यांनी माझ्याकडे दिला आहे. हिला तो माझ्या खिशात सापडला आणि तिने विचारलं, “हा कोणाचा?”

मी सगळं सांगायला सुरुवात केली, 1853 पासून. ही म्हणाली, “भात वाढू की नको?”