उकडलेल्या मटकीचा श्वास

शनिवारी आमची शाळा सकाळची. घंटा व्हायच्या आधी मी वर्गात दोन बरण्या मांडल्या. एकीत मोड आलेली मटकी, दुसरीत तीच मटकी उकडून गार केलेली. दोन्हींत एकेक छोटी वाटी चुन्याच्या निवळीची. चुना पानपट्टीवरून आणलेला; रात्रभर पाण्यात ठेवून वरचं नितळ पाणी तेवढं गाळून घेतलं होतं. झाकणांना कडेने व्हॅसलीन फासलं आणि घरी गेले.

सोमवारी बघते तर दोन्ही वाट्या पांढऱ्या.

पहिली होणारच होती. मोड फुटताना दाणा साठवलेलं पीठ ऑक्सिजनच्या मदतीने खर्ची घालतो. त्यातून ऊर्जा मिळते, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. निवळीतला चुना त्या वायूशी संयोग पावून कॅल्शियम कार्बोनेट होतो, आणि ते पाण्यात विरघळत नसल्याने निवळी दुधाळ दिसते. पण दुसरी का?

"बाई, उकडलेली मटकीपण जिवंत असते?" पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं. वर्ग हसला. "झाकण सैल राहिलं असेल," म्हणून मी वेळ मारून नेली. त्याची अजून लाज वाटते.

मधल्या सुट्टीत बरणी उघडली आणि उत्तर नाकातच शिरलं. आंबूस वास. दाण्याला बोट लावलं तर बुळबुळीत, तार सुटत होती. मटकी मेलीच होती. तिच्यावर दोन दिवस जिवाणूंची पंगत उठत होती. श्वास त्यांचा. कोणीतरी श्वास घेतंय एवढंच निवळी सांगते, नाव सांगत नाही.

तेव्हा आबांचं पेव आठवलं. जमिनीखालच्या त्या खड्ड्यात वर्षाची ज्वारी असायची. पेव सकाळी उघडायचं आणि दुपार कलेपर्यंत कोणी आत वाकूनही बघायचं नाही. मग आबा दोरीने पेटता कंदील सोडत. तो विझला की माणूस उतरत नसे. लहानपणी मला वाटायचं, आत भूत आहे. खरं तर आत ज्वारी होती. दाणा वाळला म्हणजे मरत नाही. मंद का होईना, श्वास घेतो. सोबतीला सोंडे किडे. बंद पेवातला ऑक्सिजन दोघे मिळून संपवतात, मग किडेच गुदमरतात आणि धान्य टिकतं. उरलेला कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा दीडपट जड, तळाशी बसून राहतो. पेवात उतरून माणसं दगावली आहेत ती यानेच.

मंगळवारी वर्गात आधी माझी चूक कबूल केली, मग प्रयोग पुन्हा मांडला. उकडलेल्या मटकीवर या वेळी फॉर्मॅलिनचे थेंब टाकले, आणि तिसऱ्या बरणीत फक्त निवळी ठेवली. गुरुवारी पहिली वाटी दुधाळ, दुसरी नितळ. दुसरीवर आणि तिसरीवर मात्र सायीसारखा पातळ पापुद्रा धरला होता. हवेत कार्बन डायऑक्साइड जेमतेम 0.04 टक्के, पण निवळी तेवढ्याचीही नोंद ठेवते.

ती वास मारणारी बरणी मी फेकायला निघाले, तर पहिल्या बाकावरच्या मुलीने अडवलं. झाकण घट्ट लावून तिने वर चिठ्ठी चिकटवली: 'मटकी मृत. पाहुणे जिवंत.'