ती ओरडली का नाही?

बलात्काराची बातमी आली की घराघरांत हा प्रश्न निघतोच. विचारणारी माणसं दुष्ट नसतात. त्यांत आया-मावश्याही असतात. पण तो कानावर पडला की मला देसाईगंजचं पोलीस ठाणं आठवतं.

२६ मार्च १९७२, तेव्हाचा चंद्रपूर जिल्हा. मथुरा ही आदिवासी पोर, वय १४ ते १६. जबाब झाल्यावर बाकीच्यांना बाहेर काढून तिला एकटीलाच थांबवून घेतलं. तिची माणसं बाहेर ताटकळत होती, आत दोन पोलीस होते. उच्च न्यायालयाने दोघांना शिक्षा दिली, सर्वोच्च न्यायालयाने सोडून दिलं. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणजे तिची संमती होती! १९७९ साली उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर, वसुधा धागमवार या चौघांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. भीतीपोटी गप्प राहणं म्हणजे होकार नव्हे, हे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला समजावून सांगावं लागलं, याचा मला आजही संताप येतो. बायका रस्त्यावर उतरल्या, १९८३ मध्ये कायदा बदलला.

जिवावर बेतलं की माणूस झुंजतो किंवा पळतो, असं आपण धरून चालतो. पण शरीर थिजतंही. हात उचलत नाही, घशातून आवाज फुटत नाही. ते माणसाच्या हातात नसतं. स्टॉकहोममध्ये बलात्कारानंतर उपचारांसाठी आलेल्या सुमारे ३०० स्त्रियांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या ७० टक्के अशा थिजल्या होत्या, आणि पुढे मानसिक आघाताचा त्रास त्यांनाच अधिक झाला.

माझी एक मैत्रीणही अशीच थिजली होती. तिला त्या खोलीतल्या पंख्याची करकर अजून लख्ख आठवते. आधी काय झालं, मग काय, हे मात्र धड जुळत नाही. घरच्यांना नेमकं तेच हवं होतं. सांगताना तपशील मागेपुढे झाले की ते एकमेकांकडे बघायचे. तिने सांगणंच सोडलं. इतरांनी विचारायचं थांबवल्यावरही ‘मी का नाही ओरडले?’ हे ती स्वतःला विचारत राहिली, रात्र रात्र.

केवळ प्रतिकार केला नाही म्हणून संमती मानता येणार नाही, हे २०१३ च्या दुरुस्तीने कायद्यातच लिहिलं. मी तिला ते वाचून दाखवलं. तिने कागद हातात घेऊन पुन्हा वाचला.

“याची झेरॉक्स दे मला,” ती म्हणाली. “आईला वाचायला देते.”