मोताळा ते बुडापेस्ट, व्हाया मलकापूर!

गंमत म्हणून युरोपातल्या एका रेल्वे साइटवर ‘कुठून’च्या चौकटीत मी आमच्या गावाचं नाव टाकलं. आणि काय सांगू, इंग्रजी स्पेलिंगमधलं ‘मोताळा’ यादीत चक्क सापडलं! क्षणभर कॉलर ताठ झाली. मग कळलं, हे स्वीडनमधलं. व्हॅटर्न सरोवराच्या काठावरचं, आणि मुख्य म्हणजे रेल्वे स्टेशन असलेलं! बुलडाणा जिल्ह्यातल्या आमच्या मोताळ्याला रूळच नाहीत. एसटीने मलकापूर गाठायचं आणि तिथून गाडी पकडायची. जिल्ह्याचं ठिकाण असूनही बुलडाण्याला तरी कुठे रेल्वे आहे?

अशा गावात, ओसरीवर लॅपटॉप मांडून मी व्हिएन्ना ते बुडापेस्ट रेल्वेचं प्लॅनिंग करत होते. निमित्त होतं ताई. ती व्हिएन्नाला नोकरी करते. आई जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेली, आयुष्यभर मुलांना नकाशे शिकवलेली, पण विमानात कधी न बसलेली. ताईकडे यायला ती एका अटीवर तयार झाली. ‘‘नुसतं घरात बसायला येणार नाही. एका देशातून दुसऱ्या देशात जाणाऱ्या रेल्वेत बसव.’’ झालं, काम माझ्या गळ्यात!

सीट नंबर कुठाय?

रूट सोपा निघाला. अंतर साधारण अडीचशे किलोमीटर, म्हणजे मलकापूर ते मुंबईच्या निम्मं. ऑस्ट्रियन रेल्वेची ‘रेलजेट’ ते पावणेतीन तासांच्या आत कापते. हंगेरी २००७च्या डिसेंबरमध्ये शेंगेनमध्ये आल्यामुळे ऑस्ट्रियाच्या व्हिसावर दोन्ही देश होतात आणि एरवी सीमेवर शिक्का मारायला कोणी येत नाही. तरी पासपोर्ट जवळ हवाच, तपासणी कधीही होऊ शकते.

आपलं रिझर्व्हेशन ६० दिवस आधी उघडतं. २०२४च्या नोव्हेंबरपर्यंत ते १२० दिवस होतं. ऑस्ट्रियन रेल्वे साधारण सहा महिने आधीपासून तिकिटं विकते. फक्त युरोपचं टाइमटेबल दरवर्षी डिसेंबरच्या मध्यात बदलतं, त्यामुळे त्यानंतरच्या तारखांचं बुकिंग कधी कधी उशिरा उघडतं. तेव्हा गाडी दिसली नाही तर घाबरू नका.

खरा फरक पुढे आहे. आपल्याकडे भांडण सीटसाठी असतं, वेटिंग लिस्ट, आरएसी, तत्काळ. तिथे भांडण भावाशी! आधी घ्याल तर स्वस्त, उशिरा घ्याल तर महाग. आणि सगळ्यात स्वस्त तिकीट त्या एकाच गाडीचं, सहसा परत न होणारं. एकच गाडी ऑस्ट्रियन आणि हंगेरियन दोन्ही रेल्वे विकतात आणि भाव सारखेच असतील असं नाही. म्हणून दोन्ही साइट उघडून बघणं मस्ट!

मी खुशीत आईला स्क्रीन दाखवली. तिने चष्मा लावला आणि पहिलाच प्रश्न टाकला, ‘‘काऊन गं, याच्यावर सीट नंबर कुठाय?’’

नव्हताच! या गाडीत तिकीट वेगळं आणि सीटचं रिझर्व्हेशन वेगळं. नुसत्या तिकिटावर गाडीत चढता येतं, रिकाम्या जागी बसताही येतं, पण गर्दी असेल तर उभं राहा. चार युरो वाचवायच्या नादात मी तो कॉलम सोडून दिला होता. साठी उलटलेल्या बाईला दोन देश उभ्याने दाखवणार होते! थोडे पैसे टाकून खिडकीची जागा घ्यायची ठरली. नोंदवा मंडळी, आईबाबांना नेत असाल तर हे विसरू नका.

आधी तिकीट की आधी व्हिसा?

आणि इथे गाडी अडली. स्वस्त तिकीट हवं तर आज घ्या. पण ते परत होणार नाही आणि व्हिसा अजून हातात नाही. वकिलाती तर स्वतःच सांगतात, व्हिसा मिळेपर्यंत परत न होणारी तिकिटं काढू नका. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी. फी ९० युरो, नकार आला तरी परत नाही. किमान ३० हजार युरोंचा ट्रॅव्हल इन्शुरन्स लागतो तो वेगळाच.

आईची फाइल एकदम पक्की होती. पेन्शनचा कागद, पासबुक, सगळं जागच्या जागी. लंगडी होती ती माझी! फ्रीलान्सरला सॅलरी स्लिप कुठली? एका महिन्यात तीन चेक, पुढच्या महिन्यात शून्य. रात्री बँक स्टेटमेंट चाळताना पहिल्यांदा वाटलं, आईला व्हिसा मिळेल आणि मला नाही. मग तिला विमानात बसवून देणार कोण? इन्कम टॅक्सची तीन वर्षांची रिटर्न्स, कामांची पत्रं, छापून आलेल्या लेखांची कात्रणं, सगळं जोडलं. आई म्हणाली, ‘‘तिकीट थांबव. स्वस्ताच्या नादात माणूस फसतं.’’

थांबवलं. एसटीने मलकापूर, तिथून रात्रीची विदर्भ एक्स्प्रेस आणि सकाळी मुंबईत बोटांचे ठसे. मग नुसती वाट बघणं. पासपोर्ट परत आले तेव्हा मी आधी माझा उघडला, खोटं कशाला बोलू? दोघींचाही व्हिसा झाला होता.

तोवर तिकीट जवळजवळ दुप्पट झालं होतं. हळहळले, पण मनापासून नाही. तो फरक म्हणजे रात्रीच्या झोपेची किंमत. कार्डवर परदेशी व्यवहार सुरू केलेले नव्हते म्हणून पहिलं पेमेंट फेल गेलं. बँकेच्या अॅपमध्ये एक बटण दाबलं आणि पाच मिनिटांत तिकीट हातात!

पूर्वेचं स्टेशन, पश्चिमेची गाडी

बुडापेस्टला मोठी स्टेशनं तीन आहेत, केलेती, न्युगाती आणि देली. म्हणजे पूर्व, पश्चिम आणि दक्षिण. पश्चिमेकडून, व्हिएन्नाहून येणारी आपली गाडी उतरवते केलेतीला, म्हणजे पूर्वेला! हॉटेल बुक करण्याआधी हे बघा. गाडी तासभर लेट झाली तर भाड्याच्या २५ टक्के आणि दोन तास झाली तर ५० टक्के मागता येतात, हेही लक्षात ठेवा.

त्या प्रवासात आई पूर्ण वेळ खिडकीला होती. हेग्येशहालोम हे सरहद्दीवरचं स्टेशन मागे पडलं आणि मी म्हटलं, ‘‘आई, देश बदलला.’’ तिने बाहेर पाहिलं. तीच सपाट शेतं, तेच आभाळ. ‘‘नकाशात तर केवढी जाड रेघ असते गं,’’ ती म्हणाली आणि परत बाहेर बघत बसली.

परतताना मलकापूरला उतरून आम्ही एसटी स्टँडवर आलो. बस भरलेली. इथे ना वेटिंग लिस्ट ना सीट नंबर! आईने खिडकीतून रुमाल टाकला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, ‘‘झालं रिझर्व्हेशन.’’